मनी वसे ते स्वप्नी दिसे. पण वसवलं कुणी?

मागच्या पावसाळ्यात एका पहाटे आजी माझ्या स्वप्नात आली. तिला जाऊन तेव्हा दीड वर्ष झालं होतं आणि तोवर ती एकदाही आली नव्हती. मी वाट बघायचे, खरं सांगते. झोपताना तिचं नाव घेऊन झोपायचे. आणि ती आली ती थेट स्वयंपाकघरात. ओट्यापाशी उभी होती. "बस की गं, च्या टाकते," म्हणाली. मोठी खिडकी, तिच्यातून आत आलेलं तिरपं पिवळं ऊन, पांढराशुभ्र ओटा, कपातून संथपणे वर जाणारी वाफ. आजीच्या अंगावर कडक इस्त्रीची फिकट सुती साडी. ती वळून हसली आणि मला जाग आली. उशी ओली होती, पण मी आनंदात होते.

दात घासताना लक्षात आलं की ते स्वयंपाकघर आमचं नव्हतंच. नारायणगुड्यातल्या आमच्या जुन्या घरात स्वयंपाकघराला खिडकी नव्हती, वर एक झरोका होता. आजीने आयुष्यात साडीला इस्त्री केली नाही, ती साडी उशाखाली घडी करून ठेवायची. ते ऊन, ती वाफ, ते वळून हसणं मी शेकडो वेळा पाहिलं होतं, पण टीव्हीवर. चहाच्या जाहिरातीत. कुठल्या एका चहाच्या नाही, सगळ्याच.

मला राग आला. कुणावर ते कळेना.

आमच्या मंडळाच्या अभ्यासवर्गात 'नेणीव आणि साहित्य' हा विषय निघाला तेव्हा मी हे स्वप्न सांगितलं आणि मॅडम म्हणाल्या, लिही. अभ्यासलेखात स्वतःची आजी आणू नये असा एक शिष्टाचार आहे. पण सिग्मंड फ्रॉइडनेही आपल्या ग्रंथात स्वतःचीच कितीतरी स्वप्नं छापली होती, तेव्हा मला तेवढी सूट मिळावी.

आधी शब्दांकडे बघू, कारण या विषयात मराठी फार श्रीमंत आहे. मनाच्या त्या अंधाऱ्या भागाला आपण अबोध मन, अचेतन मन, सुप्त मन असं काही काही म्हणतो. हे शब्द पाठ्यपुस्तकी वाटतात. मला आवडतो तो 'नेणीव'. जाणीव आणि नेणीव ही जोडी आपल्या संतांच्या भाषेतली आहे, मानसशास्त्राच्या कितीतरी आधीची. 'नेणणे' म्हणजे न जाणणे. यात कुठे तळघर नाही, कुलूप नाही. आपण जे जाणत नाही, पण जे आपल्यातच आहे, ते.

आणि दुसरा शब्द 'जाहिरात'. हा अरबी 'ज़ाहिर'वरून आला. ज़ाहिर म्हणजे उघड, डोळ्यांसमोरचं. हैदराबादेत वाढलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही, इथे दर तिसऱ्या वाक्यात 'ज़ाहिर है' ऐकू येतं. त्याच्या उलट शब्द 'बातिन', म्हणजे आतलं, लपलेलं. म्हणजे नावाप्रमाणे बघितलं तर जाहिरात हा सगळा उघड्यावरचा मामला. मग ती माझ्या बातिनमध्ये, आजीच्या ओट्यापर्यंत, पोचली कशी?

याचं एक लोकप्रिय उत्तर आहे आणि ते चुकीचं आहे, तेव्हा ते आधी बाजूला करते. १९५७ मध्ये जेम्स व्हिकरी नावाच्या अमेरिकन बाजारसंशोधकाने जाहीर केलं की न्यू जर्सीतल्या एका चित्रपटगृहात त्याने पडद्यावर क्षणाच्या अगदी सूक्ष्म भागापुरते 'कोका-कोला प्या', 'पॉपकॉर्न खा' असे संदेश झळकवले. प्रेक्षकांना ते दिसलेच नाहीत, पण मध्यंतरात विक्री वाढली. खळबळ उडाली. त्याच वर्षी व्हान्स पॅकार्डचं 'द हिडन पर्सुएडर्स' हे पुस्तक निघालं होतं, त्यामुळे लोक आधीच घाबरलेले होते. पुढे १९६२ मध्ये व्हिकरीनेच एका मुलाखतीत कबूल केलं की हा सगळा धंदा वाढवण्याचा बनाव होता. इतरांनी करून बघितलं तेव्हा तसं काही घडलं नव्हतंच. आजही व्हॉट्सॲपवर ही गोष्ट फिरते. मला वाटतं ती आपल्याला सोयीची आहे, म्हणून फिरते. कुणीतरी चोरून काहीतरी आत घातलं असं म्हटलं की आपली जबाबदारी संपते.

एक पुस्ती मात्र जोडायला हवी. २००६ मध्ये नेदरलँड्समधल्या संशोधकांनी (कारेमान्स, श्ट्रोबे आणि क्लाउस) प्रयोगशाळेत काळजीपूर्वक हा प्रकार तपासला. एका थंड चहाचं नाव न दिसण्याइतक्या वेगाने पडद्यावर झळकवलं. नंतर कोणतं पेय घ्याल असं विचारल्यावर ते नाव निवडण्याकडे काही जणांचा कल वाढलेला आढळला. पण कुणाचा? ज्यांना आधीच तहान लागलेली होती त्यांचाच. ज्यांना तहान नव्हती त्यांच्यावर परिणाम नाही. ही तहान लक्षात ठेवा, मी तिच्याकडे परत येणार आहे.

आता फ्रॉइड. त्याचं 'स्वप्नांचा अर्थ' हे पुस्तक नोव्हेंबर १८९९ मध्ये निघालं, पण प्रकाशकाने त्यावर साल छापलं १९००. पहिल्या आवृत्तीच्या ६०० प्रती खपायला आठेक वर्षं लागली. त्याचं म्हणणं एका वाक्यात सांगायचं तर आपली म्हण पुरते: मनी वसे ते स्वप्नी दिसे. स्वप्न म्हणजे इच्छेची पूर्ती, फक्त वेषांतर केलेली. या म्हणीवर आपण थांबतो, फ्रॉइड थांबत नाही. तो विचारतो, स्वप्न हे सगळं सामान आणतं कुठून? तर बरंचसं आदल्या दिवसाच्या उरल्यासुरल्या गोष्टींतून. रस्त्यात दिसलेला चेहरा, कानावर पडलेलं अर्धं वाक्य, नीट लक्षही न दिलेली पाटी. स्वप्न हे तुकडे उचलतं, दोन वेगळ्या गोष्टी एकमेकींत मिसळून टाकतं, एकीचा भाव दुसरीवर चढवतं. स्वप्नात 'कारण' नसतं, 'म्हणून' नसतं, 'नाही' तर नसतंच. नुसतं एकाशेजारी एक ठेवलेलं असतं.

साहित्याच्या विद्यार्थ्याने इथे जरा थबकावं. हे व्याकरण आपण आणखी कुठे पाहिलंय?

१९७५ मध्ये मुंबईच्या लिंटास या जाहिरातसंस्थेने हिंदुस्तान लिव्हरच्या लिरिल साबणासाठी एक चित्रफीत केली. आपल्या आई-वडिलांच्या पिढीला विचारा, डोळे मिटून सांगतील. कोडाईकनालजवळचा धबधबा, हिरव्या पोहण्याच्या पोशाखातली कॅरन ल्युनेल, पाणी, लिंबू आणि गुणगुणणं. या मोहिमेमागच्या अलीक पदमसी यांनी सांगितलेली हकिकत अशी की पाहणीत गृहिणींशी बोलताना एक गोष्ट पुढे आली: दिवसभरात बाईला स्वतःचा असा वेळ मिळतो तो आंघोळीची ती काही मिनिटं. दार बंद, कुणी हाक मारत नाही, आणि ती तिथे दिवास्वप्नं बघते. धबधबा त्यातून आला. मला ही हकिकत वाचून आधी कौतुक वाटलं आणि मग वाईट. चाळीतल्या मोरीत दोन बादल्या पाण्यात आंघोळ करणाऱ्या बाईचं एकांताचं दुःख कुणीतरी इतकं नेमकं ओळखलं, आणि ओळखून तिला साबण दिला.

त्या चित्रफितीत कुठेही युक्तिवाद नाही. 'हा साबण लावल्याने तुम्हाला मोकळं वाटेल, कारण...' असं कुणी म्हणत नाही. म्हटलं असतं तर बाईने लगेच विचारलं असतं, कसं काय बुवा? धबधबा आणि साबण एकाशेजारी एक ठेवले, बस्स. स्वप्न हेच करतं.

हे साम्य योगायोगाने आलेलं नाही, निदान एका ठिकाणी तर त्याला नातंगोतंच आहे. अमेरिकेत जनसंपर्क या धंद्याचा पाया घालणाऱ्यांपैकी एक, एडवर्ड बर्नेज. फ्रॉइड त्याचा सख्खा मामा, शिवाय आत्याचा नवराही. (इंग्रजीत हे समजावायला आकृती काढावी लागते, मराठीत दोन शब्द पुरले.) फ्रॉइडच्या व्याख्यानांचं पुस्तक १९२० मध्ये अमेरिकेत इंग्रजीत निघालं ते याच भाच्याच्या खटपटीने. पुढे एका सिगारेट कंपनीला बायकांनी रस्त्यात उघडपणे सिगारेट ओढायला हवी होती. बर्नेजने एका मनोविश्लेषकाचा सल्ला घेतला. तो म्हणाला, बायकांच्या दृष्टीने सिगारेट म्हणजे स्वातंत्र्याची मशाल. झालं. १९२९ च्या ईस्टरच्या रविवारी न्यूयॉर्कच्या फिफ्थ ॲव्हेन्यूवर, मिस्सा आटोपून लोक नव्या कपड्यांत फिरत असताना, काही तरुणींनी ठरवून सिगारेटी पेटवल्या. वर्तमानपत्रांत फोटो आले. या प्रसंगाची महती पुढे बर्नेजने स्वतःच बरीच फुगवून सांगितली, तेव्हा तेवढ्याने जग बदललं असं समजू नये. पण युक्ती बघा. स्वातंत्र्याची ओढ त्या बायकांची, अगदी खरी. तिला हातात धरायला वस्तू दिली ती कंपनीने.

न्यूयॉर्कला तरी कशाला जायचं? नारायणगुड्याहून आरटीसी क्रॉसरोड्सकडे निघालं की थोड्याच अंतरावर आझमाबादला व्हीएसटी लागतं. आपल्याला ते आता चौकाचं आणि नव्या स्टीलच्या पुलाचं नाव वाटतं. मुळात ती वज़ीर सुलतान टोबॅको कंपनी, 'चारमिनार' सिगारेटवाली. तिनेच १९८० च्या दशकात जीन्सच्या कापडासारखं दिसणारं पाकीट काढलं होतं, नाव 'चार्म्स', आणि जाहिरात सगळी स्वातंत्र्याच्या वृत्तीबद्दल. बाबांनी आयुष्यात सिगारेट ओढली नाही. मी त्यांना सहज विचारलं तर त्यांनी ती इंग्रजी ओळ घडाघडा म्हणून दाखवली. चाळीस वर्षांनी! त्यांना माझ्या बारावीचे मार्क आठवत नाहीत.

तर बाबांच्या डोक्यात ती ओळ कुणी चोरून ठेवली नाही. ती उघड, पुन्हा पुन्हा, रोज समोर आली. पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या गोष्टीकडे आपला कल होतो हे रॉबर्ट झायन्सने १९६८ मध्ये दाखवलं होतं: माणसांना अनोळखी शब्द आणि चिनीसारखी चिन्हं कमीजास्त वेळा दाखवली, तर जास्त वेळा दिसलेली जास्त चांगली वाटली. अर्थ माहीत नसताना! त्याहून मला चकित केलं ते रॉबर्ट स्टिकगोल्ड आणि सहकाऱ्यांच्या २००० सालच्या प्रयोगाने. त्यांनी लोकांना तीन दिवस टेट्रिस हा खेळ खेळायला लावला, तोच तो, वरून ठोकळे पडतात तो. झोप लागता लागता अनेकांना ठोकळे पडताना दिसू लागले. या मंडळींत पाच जण असे होते की मेंदूच्या इजेमुळे त्यांना नवं काही लक्षात राहत नसे. आपण असला काही खेळ खेळलो हेच त्यांना आठवत नव्हतं. त्या पाचांपैकी तिघांनाही ठोकळे दिसले. म्हणजे जाणिवेच्या वहीत नोंद नाही, पण नेणिवेने पान भरून ठेवलंय.

आणि मागच्या आठवणींचं काय? २००२ मध्ये कॅथरीन ब्राउन, ऱ्हियानन एलिस आणि एलिझाबेथ लॉफ्टस यांनी लोकांना डिस्नेलँडची एक बनावट जाहिरात वाचायला दिली. तीत बालपणी तिथे बग्ज बनी भेटल्याचं रम्य वर्णन होतं. नंतर काही जणांना खरंच 'आठवलं' की लहानपणी आपण तिथे बग्ज बनीशी हस्तांदोलन केलं होतं. आता बग्ज बनी हा वॉर्नर ब्रदर्सचा ससा. तो डिस्नेच्या दारात उभा राहणं शक्यच नाही.

हे वाचलं त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. कारण आमचं जुनं घर आता नाही. ते पाडून तिथे अपार्टमेंट झालं, आम्ही त्याच्याच तिसऱ्या मजल्यावर राहतो. आजीचे फोटो आहेत: माझ्या पहिल्या ख्रिस्तशरीर संस्काराच्या वेळचे, नाताळचे, घोगरगावच्या यात्रेचे. स्वयंपाकघराचा एकही नाही. स्वयंपाकघराचे फोटो कोण काढतं? ते फक्त आमच्या डोक्यांत शिल्लक आहे. आणि माझ्या डोक्यातल्या प्रतीवर कुणीतरी खिडकी बसवली होती.

मी पंधरा दिवस उशाशी वही ठेवली. हा काही प्रयोग म्हणता येणार नाही, पण उठल्याउठल्या लिहायचं ठरवलं. नऊ वेळा स्वप्न आठवलं. त्यातल्या चारांत रस्त्यावरचं काहीतरी होतं. नारायणगुडा मेट्रोच्या आसपास चालून बघा, वर-खाली, खांबाखांबावर काय काय आहे: दागिने, फ्लॅट, साड्या आणि सगळ्यांत जास्त कोचिंग क्लासचे फ्लेक्स, शंभर-शंभर पोरांचे पासपोर्ट फोटो आणि खाली रँक. एका रात्री त्या फोटोंत माझा फोटो होता, खाली भलत्याच मुलीचं नाव. मी ज्या परीक्षेला कधी बसले नाही त्या परीक्षेत.

या सगळ्यातून मला जे समजलं ते फ्रॉइडच्याच एका उपमेने सांगते. तो म्हणतो, दिवसभरातला विचार म्हणजे उद्योजक. त्याच्याकडे कल्पना असते, पण भांडवल नसतं. भांडवल पुरवते ती नेणिवेतली इच्छा, तिच्याशिवाय स्वप्न उभं राहत नाही. जाहिरातीला हेच लागू आहे. तिच्याकडे स्वतःचं भांडवल नाही. ती तहान निर्माण करत नाही, तहानेला बाटली देते. आंघोळीच्या एकांताची भूक, स्वातंत्र्याची ओढ, गेलेल्या माणसाला पुन्हा एकदा बघायची आस, ही सगळी पुंजी आपली. तिचं फक्त नेपथ्य. पण नेपथ्य इतकं सफाईदार की काही काळाने आपल्याला आपली इच्छा दुसऱ्या रूपात आठवेनाशीच होते. आपल्या धंद्याची भांडी घासणाऱ्याने दुकानावर स्वतःची पाटी लावावी, तसं काहीसं.

मराठीत हे ज्यांना आतून ठाऊक होतं असे दोन लेखक चटकन आठवतात आणि दोघेही माझ्यासारखे दोन भाषांत राहणारे. किरण नगरकर, 'सात सक्कं त्रेचाळीस'वाले, जाहिरातक्षेत्रात काम करत. आणि अरुण कोलटकर तर मुंबईतले नावाजलेले ग्राफिक डिझायनर. वस्तूवर चकाकी कशी चढवतात हे कोलटकरांना पुरतं माहीत होतं आणि त्यांच्या कवितेत नजर जाते ती पडक्या देवळांकडे, काळा घोड्याच्या फुटपाथवरच्या माणसांकडे, कचऱ्याकडे. चकाकी न चढवता बघणं. मला ही त्यांची खरी शिस्त वाटते. (यावर स्वतंत्र लेख लिहायचा विचार आहे. मंडळाने हो म्हणावं.)

आता जो प्रश्न मला मनापासून छळत होता त्याकडे येते. मी त्या स्वप्नात आनंदी झाले होते. तो आनंद खोटा म्हणायचा का? संत ऑगस्टीनने 'कन्फेशन्स'च्या दहाव्या भागात असाच एक प्रश्न देवाला विचारलाय. जागेपणी ज्या प्रतिमांना मी नकार देतो त्याच झोपेत माझ्यावर सत्ता गाजवतात. मग झोपेत मी मी नसतो काय? त्याचं दुःख वासनेचं होतं, माझं चहाचं, तुलना जरा धाडसाचीच. पण प्रश्न तोच. पापनिवेदनाची तयारी करताना आपल्याला शिकवतात की पूर्ण जाणीव आणि स्वतःची संमती असल्याशिवाय गंभीर पाप घडत नाही. ऑगस्टीनही झोपेतल्या स्वतःला दोषी ठरवत नाही. पण तो बेफिकीरही राहत नाही, त्याला वाईट वाटतं. दोष नाही आणि तरी वाईट वाटतंय, या दोन्हींच्या मधल्या जागेत तो उभा राहतो. मला तिथे उभं राहायला बरं वाटलं.

आणि ही जागा सांभाळायला हवी, कारण तिच्यावर डोळा आहे. २०२१ मध्ये अमेरिकेत कूर्स या बिअर कंपनीने लोकांना झोपण्यापूर्वी एक चित्रफीत बघायला आणि झोपेत आवाज ऐकायला सांगितलं, म्हणजे स्वप्नात त्यांचीच जाहिरात दिसावी. चित्रफितीत काय होतं? डोंगर आणि धबधबे. पुन्हा धबधबा! त्या वर्षी जूनमध्ये सुमारे ४० निद्रा-संशोधकांनी खुलं पत्र लिहून याला विरोध केला, त्यात टेट्रिसवाले स्टिकगोल्डही होते.

माझ्यापुरतं मी एवढंच केलं. एका रविवारी मिस्सेहून आल्यावर आईला वही-पेन घेऊन समोर बसवलं आणि म्हटलं, जुनं स्वयंपाकघर सांग. ती हसली, पण सांगत गेली. झरोका, त्याला लावलेली कोंबड्यांची जाळी. रॉकेलचा स्टोव्ह, त्याच्यामागची काळी भिंत. जर्मनचं पातेलं, एका बाजूला पोचा आलेलं. चहा गाळायचं फडकं खिळ्याला अडकवलेलं. ऊन कधी यायचं? यायचंच नाही, दुपारीही दिवा लावायला लागायचा. चहा कुठला? सुटा. आजोबा काचीगुड्याहून ड्यूटी संपवून येताना पुडी बांधून आणायचे. मी सगळं लिहून घेतलं, मनात म्हटलं, हे बघा, एकही ब्रँड नाही.

"आणि पुडी ठेवायची कशात?"

"तो बिस्किटांचा पत्र्याचा डबा नव्हता का," आई म्हणाली, "झाकणावर गुबगुबीत बाळाचं चित्र असलेला? आजीला फार आवडायचा. म्हणायची, हे बाळ अगदी तुझ्या नवऱ्यासारखं दिसतंय लहानपणीच्या. घासून घासून त्याचा एक डोळा पुसला गेला होता."